बोस्टनचा चहा आणि लालबागची गिरणी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी तुम्हाला अमेरिकेचा इतिहास सांगणार आहे. हे ऐकून मागे बसलेल्या काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, ते मला दिसले. त्यांचा प्रश्न बरोबर आहे. आपली पऱ्हाटी वाळते आहे, ज्वारीला मजुरीइतकाही भाव निघत नाही, आणि हा गडी आपल्याला अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत कशाला घेऊन चालला? थोडा धीर धरा. आधी आपण मुंबईला जाऊ, तिथून अमेरिकेला जाऊ आणि शेवटी याच मांडवात परत येऊ.

माझे मामा नगर जिल्ह्यातून मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. दिवाळीला गावी येताना ते आईसाठी गिरणीतले कापड आणायचे. एका दिवाळीला माझ्या वडिलांनी त्यांच्या हातात ओंजळभर कापूस ठेवला. म्हणाले, "दाजी, हा तुमच्या गिरणीत दाखवा. आमच्या कापसाला तिथं काय म्हणतात ते विचारून या." पुढच्या दिवाळीला मामा आले तेव्हा वडिलांनी आठवण काढली. मामा म्हणाले, "भाऊ, आमच्याकडं कापूस येतो तेव्हा त्याला गाव नसतं. गाठीवर व्यापाऱ्याचा मार्का असतो. तुमचा कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, तिथं कुणालाच माहीत नसतं."

एकाच घरातली ही दोन माणसे. एक कापूस पिकवणारा, दुसरा त्याच कापसाचे कापड विणणारा. दोघांनाही कापसाचा भाव कोण ठरवतो ते ठाऊक नव्हते. हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मागच्या वर्षी मी मुंबईला गेलो तेव्हा चार ठिकाणी मुद्दाम फिरलो: परळ, गिरगाव, लालबाग आणि दादर. या चारही ठिकाणी मला अमेरिका भेटली. ती कशी, ते सांगतो.

परळचा बंगला

परळला हाफकिन संस्था आहे. साप चावल्यावर टोचतात त्या लसीसाठी आपल्यातल्या पुष्कळांनी तिचे नाव ऐकले असेल. ती ज्या जुन्या इमारतीत आहे, तो एके काळी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचा बंगला होता. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या काळापासून गव्हर्नर परळला राहू लागले. त्या वेळी मुंबईवर इंग्लंडच्या राजाचे राज्य नव्हते, एका व्यापारी कंपनीचे होते. तिचे नाव ईस्ट इंडिया कंपनी.

आता हीच कंपनी त्याच वर्षांत अमेरिकेत काय करत होती ते पाहा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख. दहांतले नऊ जण शेतीवर जगणारे. वसाहत म्हणजे काय, याची व्याख्या पुस्तकात शोधू नका, त्यांचे कायदे पाहा. सतराव्या शतकातल्या जहाजवाहतुकीच्या कायद्यांनी मालाची एक यादी केली होती. तंबाखू, साखर, कापूस, नीळ. या यादीतला माल शेतकऱ्याने पिकवावा, पण तो इंग्लंडला किंवा इंग्लंडच्याच दुसऱ्या वसाहतीला विकावा. हॉलंडमध्ये भाव जास्त असला तरी तिकडे पाठवायचा नाही. दुसऱ्या बाजूने १७३२ साली टोप्यांचा कायदा झाला. अमेरिकेत बनलेली टोपी वसाहतीबाहेर विकायला बंदी. १७५० साली लोखंडाचा कायदा झाला. कच्चे लोखंड इंग्लंडला खुशाल पाठवा, पण पत्रे आणि पोलाद बनवण्याचे नवे कारखाने काढायचे नाहीत.

कच्चा माल आम्हाला, आमच्या भावाने. पक्का माल तुम्हाला, तोही आमच्याच भावाने. वसाहतीचे गणित एवढेच.

जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव आपण शाळेत ऐकले. तो मोठा जमीनदार होता आणि व्हर्जिनियात तंबाखू पिकवायचा. हा तंबाखू तो लंडनच्या आडत्याकडे पाठवायचा. आडत्या माल विकणार, त्यातून जहाजाचे भाडे, जकात, कमिशन कापणार आणि उरलेल्या रकमेत वॉशिंग्टनने मागवलेले कापड आणि सामान आपल्या दराने पाठवणार. वर्षाअखेर हिशेबाची पट्टी यायची तर वॉशिंग्टनच्याच नावावर कर्ज निघायचे! त्याने शेवटी तंबाखू सोडला आणि १७६०च्या दशकात गहू धरला. आपली आडतीची पट्टी आणि वॉशिंग्टनची पट्टी शेजारी ठेवून पाहिली तर शाई तेवढी वेगळी दिसेल.

मात्र एक फरक विसरू नका. वॉशिंग्टनच्या शेतात राबणारी माणसे गुलाम होती. ते कर्ज त्यांच्या पाठीवर होते. त्यावर मी पुढे येतो.

स्वस्त चहा का नाकारला?

इंग्लंडने फ्रान्सशी सात वर्षे युद्ध केले. ते १७६३ ला संपले आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला. तो फेडायला अमेरिकेवर कर सुरू झाले. १७६५ चा मुद्रांकाचा कर, मग काच, रंग, कागद, चहा यांवरचे कर. लोकांनी बहिष्कार घातला. सरकार मागे सरले, पण चहावरचा कर तेवढा ठेवला.

इकडे आपल्या देशात १७६५ साली कंपनीने बंगालची दिवाणी मिळवली. शेतसारा वसूल करण्याचा हक्क हाती आला. पाचच वर्षांत, १७७० ला, बंगालात भयंकर दुष्काळ पडला. माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली आणि कंपनीची वसुली चालूच राहिली. एवढे लुटूनही कंपनी १७७२ ला दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली. तिच्या गोदामात चहाचा ढीग पडून होता. मग इंग्लंडच्या पार्लमेंटने १७७३ ला चहाचा कायदा केला. कंपनीला इंग्लंडातली जकात माफ आणि अमेरिकेत आपल्या मर्जीतल्या दलालांमार्फत थेट विकण्याची मुभा.

त्यामुळे अमेरिकेत चहा महागला असे कुणाला वाटेल. तसे नाही. चहा स्वस्त होणार होता! तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तीन जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या.

त्यांना स्वस्त चहा का नको होता? आपल्याला कुणी स्वस्त खत दिले तर आपण ओढ्यात फेकू का? इथे थोडे थांबून विचार करा. त्या स्वस्ताईच्या मागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे तो चहा प्यायला की आपल्याला न विचारता लावलेला कर आपण मान्य केला असे होणार. दुसरी, सरकारच्या मदतीने एका कंपनीने माल स्वस्तात ओतला की स्थानिक व्यापारी बुडणार; आणि ते बुडाले की पुढचा भाव एकटी कंपनी ठरवणार. आज चहा आहे, उद्या दुसरे काही असेल. बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा यात स्वतःचा स्वार्थ होता, त्यांच्यात चोरट्या चहाचा धंदा करणारेही होते. म्हणून त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही.

१७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. नेमक्या त्याच सुमारास परळच्या बंगल्यातून काय चालले होते? १७७४ च्या डिसेंबरात मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७७५ ला राघोबादादांशी सुरतेचा तह केला. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून गेलेली मुंबईची फौज मराठ्यांनी वडगावला कोंडली आणि तिला शरण यावे लागले. हॉर्नबीने तो तह पुढे झुगारला. नाना फडणवीसांच्या दरबारात १७७७ ला सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील आला होता. पुढच्याच वर्षी फ्रान्सने अमेरिकेशी उघड दोस्ती केली. म्हणजे इंग्रज एकाच वेळी दोन ठिकाणी अडकला होता. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस वॉशिंग्टनपुढे शरण आला. १७८२ च्या मे महिन्यात इंग्रजांनी मराठ्यांशी सालबाईचा तह केला.

पण अमेरिका मोकळी झाली आणि आपण झालो नाही. तिकडे हरलेला हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ ला त्याने बंगालच्या कुळांच्या डोक्यावर कायमचा जमीनदार बसवला. तिकडची वसाहत गेली, तिची भरपाई इकडे.

गोरे गेले, कर्ज राहिले

आता या गोष्टीचा दुसरा भाग. तो आपल्याकडच्या शाळेत शिकवत नाहीत.

अमेरिका स्वतंत्र झाली. शेतकरी बंदुका ठेवून घरी आला. त्याला लढाईच्या पगाराबद्दल कागदी वचनचिठ्ठी मिळाली होती. पोट भरण्यासाठी त्याने ती कवडीमोलाने सटोडियांना विकली. मग मॅसेच्युसेट्सच्या नव्या, आपल्याच सरकारने ठरवले की या चिठ्ठ्यांचे पैसे पुरे द्यायचे. कुणाला? आता ज्याच्या हातात आहेत त्या सटोडियांना. आणि ते पैसे काढायचे कुठून? शेतकऱ्यांवर कर लावून, तोही रोख नाण्यांत. ज्याने चिठ्ठी विकली त्यानेच ती पुन्हा भरायची! नाणे कुणाजवळ नव्हते. कोर्टात दावे पडले, जनावरे आणि जमिनी जप्त होऊ लागल्या, माणसे कर्जापायी तुरुंगात गेली.

डॅनियल शेज नावाचा शेतकरी युद्धात कॅप्टन होता. सांगतात की फ्रेंच सेनापती लाफायेतने त्याला भेट दिलेली तलवारही त्याला कर्जापायी विकावी लागली. १७८६ च्या ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टनचे कोर्ट बंद पाडले. शेज पुढे झाला आणि ठिकठिकाणी कोर्टे बंद पडू लागली. कोर्ट बसले नाही तर जप्ती नाही, इतका साधा हिशेब. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर ते चालून गेले. तोफा सुटल्या, चौघे ठार झाले आणि बंड मोडले.

आपल्याकडे हेच १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला झाले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. दोन्हीकडे रोख पुढाऱ्याच्या गळ्यावर नव्हता, कागदावर होता. इंग्रजांना १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. अमेरिकेत शेजच्या बंडाने घाबरलेली पुढारी मंडळी १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जमली आणि तिथे त्यांची राज्यघटना तयार झाली. त्या घटनेच्या जन्मामागे कर्जबाजारी शेतकऱ्याचा धसका होता, हे लक्षात ठेवा.

आणखी दोन प्रसंग सांगतो, ज्वारीवाल्यांनी नीट ऐकावे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरापलीकडचा शेतकरी धान्य पिकवायचा, पण ते डोंगर ओलांडून बाजारात न्यायला भाडे परवडायचे नाही. म्हणून तो धान्याची दारू गाळून नेई. कमी वजन, जास्त किंमत. आज आपण त्याला प्रक्रिया उद्योग म्हणतो. १७९१ ला सरकारने त्यावर कर बसवला. शेतकरी भडकले, आणि १७९४ ला राष्ट्राध्यक्ष झालेला वॉशिंग्टन सुमारे तेरा हजारांची फौज घेऊन त्यांच्यावर निघाला! लंडनच्या आडत्याने पिळलेला तोच वॉशिंग्टन.

दुसरा प्रसंग जेफर्सनचा. हा शेतकऱ्यांचा मोठा कैवारी. त्याने १८०२ ला तो दारूवरचा कर काढूनही टाकला. पण इंग्लंड आणि फ्रान्सला वठणीवर आणायचे म्हणून याच जेफर्सनने १८०७ च्या डिसेंबरात संपूर्ण निर्यातबंदी केली. अमेरिकेची निर्यात एका वर्षात १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाखांवर आली. गहू, तंबाखू, कापूस बंदरात पडून राहिले, भाव मातीत गेले. इंग्लंड काही वठणीवर आले नाही. १८०९ च्या मार्चमध्ये बंदी उठवावी लागली. कांद्याची, कापसाची निर्यातबंदी आपण याच डोळ्यांनी पाहिली आहे. हेतू कितीही थोर सांगितला तरी बंदीचे बिल कुणाच्या नावाने फाडले जाते ते पाहावे.

गिरगावची चौपाटी

आता गिरगावला चला. चौपाटीच्या वाळूत उभे राहिले की समोर जो अर्धगोल समुद्र दिसतो त्याला इंग्रज बॅक बे म्हणत. हा समुद्र बुजवून जमीन करायची कंपनी निघाली होती, आणि तिच्यात पैसा ओतला गेला तो आपल्या कापसाचा.

१७९३ ला एलाय व्हिटनी नावाच्या माणसाने अमेरिकेत सरकी काढण्याचे यंत्र बनवले. दिवसभराचे काम घटकेत होऊ लागले. सरकी काढणाऱ्याचे कष्ट वाचले, म्हणजे गुलामाचे कष्ट कमी झाले असतील असे वाटेल. उलटे झाले. सरकी लवकर निघू लागली म्हणून जास्त कापूस लावला, जास्त कापूस वेचायला जास्त माणसे जुंपली. १७९० ला अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० ला चाळीस लाखांच्या आसपास. काही हजार गाठींचे पीक चाळीस लाख गाठींच्या घरात गेले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्या घरीही गुलाम होते. आणि १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलाम माणसाची मोजणी तीन पंचमांश केली होती. पाच माणसे तीन धरायची! मताचा हक्क मात्र त्यांच्या मालकाला.

इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से याच मळ्यांतून येऊ लागले. एकाच ठिकाणी इतके विसंबणे बरे नाही म्हणून कंपनीने १८४० ला दहा अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानात आणले. आपल्या शेतकऱ्याला कापूस कसा पिकवावा ते शिकवायला! बहुतेकांचा प्रयोग फसला. त्यांची करवतीची यंत्रे आपल्या आखूड धाग्याची रुई तोडत. अमेरिकन वाण रुजला तो धारवाडकडे.

१८६१ ला अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली. कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि सगळ्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव कडाडले. त्या तेजीत शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा गोष्टी सांगत. चार दिवस बरे आले होते यात शंका नाही, पण खरा पैसा मुंबईत साठला. तिथे प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल बाजाराचे राजे झाले. बँका आणि कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. समुद्र बुजवण्याच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. १ जुलै १८६५ ला मुंबईचा सट्टा कोसळला. गिरगावात, किल्ल्यात घरोघर रडारड झाली. ती इतिहासात नोंदली गेली. गावात काय झाले ते कमी नोंदले गेले. तेजीत सैल हाताने कर्ज देणाऱ्या सावकाराने मंदीत हात आखडला, आणि पाठोपाठ सरकारने साऱ्याची नवी आकारणी करून तो वाढवला. भाव खाली, सारा वर, कर्ज तसेच. दहा वर्षांनी सुप्याची होळी पेटली ती या सरपणावर. बोस्टन आणि सुपे यांच्यात हजारो कोसांचे अंतर आहे, पण मध्ये कापसाचा धागा आहे.

लालबागची चिमणी

१८५४ ला कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. ताडदेवला १८५६ ला ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्याच गिरण्या उभ्या राहिल्या. आमचे मामा त्या गिरणगावचे.

हे मँचेस्टरला खुपले. आणि इथे पुन्हा अमेरिकेच्या टोप्यांचा कायदा आठवा. १८८२ पर्यंत इंग्रजांनी विलायती कापडावरची जकात काढून टाकली. पैशाची चणचण भासली तेव्हा ती पुन्हा बसवली, पण १८९६ ला विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि त्याबरोबर आपल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के! आपल्याच घरात आपल्याच कापडावर कर, का तर मँचेस्टरला त्रास नको. हा कर तीस वर्षे राहिला.

लालबाग-परळचा कामगार गप्प बसला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ ला त्याला सभेत एकत्र आणले, आणि १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. बोस्टनच्या लोकांनी चहा फेकला तसे यांनी साचे थांबवले.

पण मनाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट बोलली पाहिजे. गिरणीमालक मँचेस्टरविरुद्ध ओरडले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पुढे देश स्वतंत्र झाला. त्या वेळी यादीत घातलेल्या मालाचा कायदा आपल्याकडे राहिला नाही का? आपल्या राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस शेतकऱ्याचा, पण राज्याबाहेर विकायला बंदी. सीमेवर नाकी, गाड्या अडवल्या, गुन्हे दाखल झाले. काही वर्षे योजनेचा भाव बाहेरच्यापेक्षा बरा होता, काही वर्षे बाहेर जास्त होता. हे दोन्ही खरे आहे. पण विकायचे कुणाला हे ठरवण्याचा हक्क आपला नव्हता. ती योजना आता इतिहासजमा झाली. प्रश्न मात्र शिल्लक आहे: व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्याला हॉलंडचा रस्ता बंद होता आणि आपल्याला मध्य प्रदेशचा, यात फरक किती?

मामांचेही भले झाले नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले पुष्कळ कधीच आत गेले नाहीत. मामा गावी परतले. आज लालबाग-परळला गिरण्यांच्या जागेवर टोलेजंग इमारती आणि मॉल आहेत. एक चिमणी मी पाहिली, तिच्यातून धूर निघत नाही. तिथल्या दुकानात सुती सदऱ्याची किंमत विचारली आणि मनात क्विंटलचा हिशेब केला. तो हिशेब तुम्हीच घरी जाऊन करा.

दादर

शेवटी दादर. त्याआधी महात्मा फुल्यांचे नाव घेतले पाहिजे. जोतीरावांनी तरुणपणी टॉमस पेनची पुस्तके वाचली. पेन म्हणजे १७७६ ला साध्या माणसाच्या भाषेत छोटे पुस्तक लिहून अमेरिकेला स्वातंत्र्याकडे ढकलणारा माणूस. नगरला अमेरिकन मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. आणि १८७३ ला त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले. बघा, जोतीरावांनी अमेरिकेकडून काय घेतले. वॉशिंग्टनची तलवार घेतली नाही, गुलामाची सुटका घेतली. दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांच्यापुढे आपला कुणबी होता.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा प्रबंध कशावर होता? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे अर्थकारण. बोस्टनच्या समुद्रात जिचा चहा गेला तीच कंपनी! परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी ते वर्षानुवर्षे राहिले, मग दादरला राजगृह बांधले. १९१८ ला त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. जानेवारी १९३८ मध्ये खोती मोडण्यासाठी कोकणातली कुळे मुंबईच्या कायदेमंडळावर चालून आली, तेव्हा बाबासाहेब त्यांच्या पुढे होते. आणि घटना लिहिताना अमेरिकेची घटना त्यांच्यासमोर होती. पण आपल्या घटनेत पाच माणसांची तीन माणसे झाली नाहीत. प्रत्येकाचे मत एक. ते मत आपल्या हातात आहे, हे आपण निवडणुकीच्या आदल्या रात्री विसरतो.

आता आपले

मांडवात परत आलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके आपल्या वेचणीच्या हंगामात. त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर बसवला होता. अमेरिकेचा कापूस शेतकरी आपल्यापेक्षा स्वस्तात पिकवतो म्हणून त्याचा कापूस स्वस्त, एवढेच सांगितले जाते. त्याला त्याच्या सरकारचे अनुदान किती मिळते ते सांगितले जात नाही. या अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ ला जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेने त्याला ३० कोटी डॉलर देऊ केले. बोस्टनच्या लोकांना सरकारी मदतीवर स्वस्त झालेला चहा ओळखता आला होता. आपल्याला सरकारी मदतीवर स्वस्त झालेली गाठ ओळखता आली पाहिजे.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी अर्धेच सांगितले असे होईल. आयातीवर भिंत घाला एवढी मागणी पुरत नाही. भिंत गिरणीवाल्याला मिळाली आणि आपल्याला निर्यातबंदी मिळाली, असे अनेकदा झाले. परदेशातून येणारा माल मोकळा आणि आपला बाहेर जाणारा माल अडवलेला, हे दोन्ही एकदम चालणार नाही. रस्ता उघडा ठेवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी ठेवा. शेजार्‍याने अनुदानाने ओतलेला माल येत असेल तर तेवढ्यापुरते शुल्क हवे, आणि त्याचा हिशेब उघड मांडलेला हवा.

एक काम सांगतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या तीन हंगामांच्या कापसाच्या पट्ट्या आणायच्या. किती क्विंटल, काय भाव, कापले किती, हाती आले किती. शेतात राबलेल्या मजुराला, घरातल्या बाईला काय पडले तेही लिहायचे, कारण वॉशिंग्टनने आपली पट्टी पाहिली पण आपल्या गुलामाची पाहिली नाही. ती चूक आपण करायची नाही. शेजच्या लोकांजवळ बंदुका होत्या आणि हिशेब विस्कळीत होता. आपण आधी हिशेब एका जागी आणू.

माझे वडील गेले. मामाही गेले. ओंजळभर कापसाला गिरणीत काय म्हणतात याचे उत्तर दोघांनाही मिळाले नाही. तुमच्या पट्ट्या आल्या की ते उत्तर आपण या फळ्यावर लिहू.

येताना पट्टी विसरू नका.